पलीकडच्या रेषेवरचा मोनू

५ नोव्हेंबर २०२३, दिघोरी

आज वाचनालयाच्या हॉलमध्ये बाबूलालवर भडकलो. समोर चाळीस माणसं होती म्हणून जरा जास्तच भडकलो, हे इथे कबूल करतो.

बाबूलालचं पंक्चरचं दुकान आहे. संध्याकाळी तो फोनवरून कुठली तरी चोरीची लिंक हॉलच्या टीव्हीला जोडतो आणि गावाला फुटबॉल दाखवतो. सामना थोडा, जुगाराच्या जाहिराती फार. मी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. विनातिकीट माणूस मी कधी सोडला नाही, मग तो सरपंच असो की माझा सासरा. आता मी सांभाळतो त्याच वाचनालयात गाव विनातिकीट बसतं, याकडे मी इतके दिवस कानाडोळा केला.

आज सामना सुरू होण्याआधी पडद्यावर पंचांची नावं आली. तिसरं नाव होतं मोनू कापगते. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग तो दिसलाच. मैदानाच्या पलीकडच्या रेषेवर, हातात झेंडा, तोंड आमच्याकडे. कुणीतरी धावत जाऊन त्याच्या आईला, गोदावरीबाईला, बोलावून आणलं. खळ्यात धान चुरताना उठून आली होती, केसांत तणसाच्या काड्या. ती दारात पोचली आणि लिंक तुटली. पडद्यावर एक अर्धी उघडी बाई पैसे लावा म्हणून बोलावत होती.

"कोठी आहे माहा मोनू?" गोदावरीबाईनं विचारलं. 

तेव्हा मी उठलो. म्हणालो, चोराच्या खिडकीतून दिसणारी गोष्ट चोर वाटेल तेव्हा बंद करतो. उद्यापासून या हॉलमध्ये जो खेळ दिसेल तो रीतसर पास काढून दिसेल, आणि तो पास मी काढीन. टाळ्या पडल्या.

हे मी तत्त्वासाठी केलं. मोनूच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही.

१० नोव्हेंबर

प्रतिक्षानं नागपूरहून माझ्या नावावर सामने दाखवणाऱ्या कंपनीचा वर्षभराचा पास काढून दिला. आमच्या मुलीला माझा स्वभाव माहीत आहे. फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, तुमाले फुटबॉल कधीपासून आवडते?" मी म्हटलं, प्रश्न आवडीचा नाही, नीतीचा आहे. 

मोनूबद्दल या वहीत एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

माझा अतुल आणि इश्वर कापगतेचा मोनू धानाच्या एकाच बांधीत खेळून मोठे झाले. धान निघालं की त्या रिकाम्या वाफ्यात, पायाला खुंट टोचत, अंधार पडेपर्यंत फुटबॉल. २१ डिसेंबर २०१४ ला लाखांदूरचा सामना खेळून दोघं मोटरसायकलने परत येत होते. नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे बुटक्या पुलावर, म्हैस आडवी आली. अतुल बावीस वर्षांचा होता. दवाखान्यात मी मोनूला विचारलं, गाडी कोण चालवत होता? तो म्हणाला, "मी." पोलिसांनी म्हशीची नोंद करून फाईल बंद केली. मी केली नाही.

शोकसभेत मी बोललो. ज्याच्या हातात गाडी होती त्याच्या हाताला माझ्या पोराचं रक्त आहे, असं म्हणालो. अर्धा तास बोललो. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी बोललो नाही. त्या सभेत एक टाळी वाजली. एकच. कुणाची ते आजपर्यंत कळलं नाही. त्या आठवड्यात मोनू हात गळ्यात बांधून गाव सोडून गेला, तो परत आला नाही.

१८ नोव्हेंबर

पासावरचा पहिला सामना. चित्र असं स्वच्छ की घामाचे थेंब मोजावेत. इंग्रजी कॉमेंट्री कुणाला कळेना, म्हणून मी आवाज बंद केला आणि माइक घेतला. चांगलं जमलं. मोनूचं नाव मी घेत नाही. "पलीकडचा लाइनमन" एवढंच म्हणतो.

गोदावरीबाई पुढे जमिनीवर बसते. बॉलकडे पाहतच नाही. लाइनमन अर्ध्याच मैदानापुरता धावतो, त्यामुळे खेळ त्या बाजूला गेला तरच मोनू दिसतो. पहिल्या अर्ध्यात ती लाल टीमच्या बाजूने, दुसऱ्या अर्ध्यात निळ्या. बाबूलालनं विचारलं, "काकू, तुमची टीम कोनती?" ती म्हणाली, "जे तिकडं बॉल नेते ते." हॉल हसला. मीही हसलो आणि लगेच थांबलो.

इश्वर मागे खांबाला टेकून उभा राहतो. सामना संपला की माझ्याकडे न पाहता निघून जातो. नऊ वर्षांत आमचं बोलणं नाही.

३ डिसेंबर

तीन सामने झाले. एकात मोनू नव्हता, तरी गोदावरीबाई शेवटपर्यंत बसली.

एक नोंद करतो. मोनू रेषेवरून आडवी पावलं टाकत धावतो तेव्हा डावा खांदा किंचित पुढे काढतो. अतुल असाच धावायचा. दोघांपैकी कुणी कुणाचं उचललं, हे मला आता आठवत नाही, आणि ते न आठवणं मला फार त्रास देतं.

७ डिसेंबर

काल ६ डिसेंबर. लाखांदूरला बोललो. विषय: कायदा आणि करुणा. लोक उठेनात.

आज दुकानापाशी बाबूलालजवळ सहज म्हणालो, ज्याला दोन चाकं सांभाळता आली नाहीत त्याच्या हाती देशानं झेंडा दिला. बाबूलाल म्हणाला, "भाऊ, गाडी तं..." आणि थांबला. मग ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत बसला. मी विचारलं, गाडी तं काय? म्हणाला, "काही नाही जी. गाडी तं जुनी होती." ती गाडी जुनी नव्हती. त्याच वर्षी इश्वरनं घेतली होती.

घरी बायकोला, मंगलाला, हे सांगितलं. मी अपघाताचं काढलं की मंगला उठून जाते. आजही गेली. बाईमाणसाचं दुःख असं असतं.

२१ डिसेंबर

नऊ वर्षं. आज कुणाशी बोललो नाही.

दवाखान्यात अतुलला पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं. तोंडावर ओरखडासुद्धा नव्हता. छातीवर मात्र एक गोल, काळानिळा वळ. डॉक्टर म्हणाला होता, हँडलचा मार आहे. तो वळ डोळ्यासमोरून जात नाही. मोनूचा फक्त हात मोडला. हा कुठला न्याय.

१३ जानेवारी २०२४

हे लिहावं की नाही, याचा विचार दोन दिवस केला.

मी भूत मानत नाही. साकोलीपासून पवनीपर्यंत मी भुताखेतांविरुद्ध बोललो आहे, अंगात आलेल्या बायांसमोर उभं राहून बोललो आहे. सामना पाचला सुरू होतो, दुसऱ्या अर्ध्यात मैदानावरचे मोठे दिवे लागतात. चार कोपऱ्यांत चार खांब, म्हणून प्रत्येक खेळाडूच्या पायाशी चार सावल्या पडतात, फुलाच्या पाकळ्यांसारख्या. हे विज्ञान आहे. हॉलमध्ये मी माइकवर समजावूनही सांगितलं.

गुरुवारी बासष्टाव्या मिनिटाला नेट अडलं आणि चित्र थिजलं. मोनू धावता धावता थांबलेला. मी त्याच्या सावल्या मोजल्या. पाच.

बाकी सगळ्यांच्या चार. पाचवी जरा लांब होती आणि मोनूच्या मागे होती.

या पासावर झालेला सामना पुन्हा पाहता येतो. काल दुपारी हॉलला आतून कडी लावून पाहिला. बासष्टावं मिनिट. चार. पुन्हा पाहिला. चार. सात वेळा पाहिला. शेवटी मागे वळलो तर खिडकीबाहेर मंगला उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

"काय मोजून राहिले?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, खेळाडू मोजतो आहे. ती म्हणाली, "अतुल त्याइच्यात नाही जी," आणि गेली.

मी तिला सावल्यांबद्दल एक शब्द सांगितला नव्हता.

२१ जानेवारी

आज मला स्वतःची लाज वाटते आहे.

२६ जानेवारीच्या भाषणासाठी "रीतसर पाहणं" हा विषय घेतला होता. एखादं वाक्य उचलावं म्हणून पासाच्या अटी वाचायला बसलो. इंग्रजीत सत्तावीस पानं. शब्दकोश घेऊन सगळी वाचली. माझ्या ओळखीत ती वाचणारा मी पहिलाच असेन. एकोणिसाव्या पानावर लिहिलं आहे: पास घरगुती आणि खाजगी वापरापुरता. सार्वजनिक जागी, जमावासमोर दाखवायचं तर वेगळी लेखी परवानगी पाहिजे.

म्हणजे दोन महिने मी तिकीट काढलं एकाचं आणि बसमध्ये बसवलं चाळीस जणांना. वर माइकवरून नीती सांगितली.

कंपनीला पत्र पाठवलं आहे. परवानगी मागितली, झाल्या प्रकाराची कबुली दिली.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर सगळं सांगितलं आणि हॉलमधले सामने बंद केले. बाबूलाल म्हणाला, "आता चेकरच विनातिकीट सापडला." लोक पोट धरून हसले. मीही ते सहन केलं.

गोदावरीबाई हसली नाही. सगळे गेल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"अकरा तारखेची मॅच मोठी आहे म्हनते. त्याले लावलं आहे त्या मॅचले. मी कोठी पाहू?"

मी नियम सांगितला. ती ऐकत राहिली. त्यांच्या घरी, गावाच्या टोकाला, फोनला रेंज येत नाही. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी नियमच सांगत राहिलो. ती म्हणाली, "मंग नेम तुमचा," आणि निघाली.

९ फेब्रुवारी

कंपनीचं उत्तर आलं. सभ्य भाषेत नकार. सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क दुसऱ्याकडे आहेत, चौकशी करायला एक महिना लागेल. सामना परवा आहे.

जेवताना मंगलाला अट पुन्हा वाचून दाखवली. घरात, खाजगी, पैसे न घेता.

तिनं विचारलं, "घरी पाहुने बलावाले मना आहे का?"

मी म्हटलं, तसं कुठं लिहिलेलं नाही.

"मंग झालं," म्हणाली.

मी तिला सांगितलं, या घरात अतुलचा फोटो आहे. त्याच्याखाली मी कापगत्यांना बसवणार नाही. तिनं ताट उचललं. माझं जेवण व्हायचं होतं.

११ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहितो.

साडेचारला मंगला चप्पल घालून बाहेर पडली आणि पाचला इश्वर आणि गोदावरीबाईला घेऊन आली. मला विचारलं नाही. दोघं दारात थांबले. मंगला म्हणाली, "या जी, आत या," आणि मी खुर्ची सरकवली. दुसरं काय करणार होतो? इश्वर खुर्चीवर बसला नाही, भिंतीला टेकून खाली बसला. फोटोला त्यानं हात जोडले.

घरात सामना पाहणं वेगळं. हॉलमध्ये माझ्या हातात माइक असायचा. इथे नुसते चौघांचे श्वास. गोदावरीबाई पडद्याशी बोलत होती. पाणी पे रे. इतकं कायले पयते. कुणी तिला अडवलं नाही.

ऐंशीव्या मिनिटाला गोल झाला. यजमानांचा. सगळं मैदान उसळलं आणि पलीकडच्या रेषेवर मोनूचा झेंडा वर होता. ऑफसाइड. गोल नाही. खेळाडू त्याच्या अंगावर धावले, गर्दीतून बाटल्या आल्या. कॅमेरा त्याच्या तोंडापाशी गेला. तो हलला नाही. झेंडा वर, नजर समोर. मग पुन्हा दाखवलं तेव्हा दिसलं की खेळाडू टीचभर पुढे होता. टीचभरच. मोनू बरोबर होता.

मला भरून आलं. कशानं ते तेव्हा कळलं नाही, म्हणून मी बोलायला लागलो. म्हणालो, पाहा, एवढ्या गर्दीत हा खरं सोडत नाही. एवढा नेमाचा माणूस. आणि हाच माणूस त्या दिवशी दोन चाकं...

"गाडी अतुल चालवत होता."

मंगला बोलली. आवाज चढवला नाही. दाणे निवडता निवडता बोलावं तशी बोलली.

मी इश्वरकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. गोदावरीबाईनं पदर तोंडाला लावला. दोघांपैकी कुणालाही आश्चर्य वाटलं नव्हतं.

मी विचारलं, कुणाकुणाला माहीत आहे?

मंगला म्हणाली, "तुमाले सोडून साऱ्याइले. लाखांदूरहून निघताना टीमच्या पोराइनं पाहिलं होतं."

सामना चालू होता. टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"तुमी भाषन केलं असतं," ती म्हणाली. "अतुलच्या नावानं. लायसन नव्हतं त्याच्यापाशी. तुमी गावोगाव सांगत फिरले असते, माह्या पोरानं नेम मोडला, तुमी मोडू नोका. मले ते आयकाचं नव्हतं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण मी केलं असतं. कोणती वाक्यं बोललो असतो, तीसुद्धा मला त्याच क्षणी सुचली. चांगली होती.

१२ फेब्रुवारी

छातीवरचा वळ. हँडल ज्याच्या हातात असतं त्याच्याच छातीला लागतं. नऊ वर्षं मी तो वळ रोज पाहिला.

१५ फेब्रुवारी

इश्वरनं नंबर दिला. दुपारी मोनूला फोन केला. तो म्हणाला, "बोला काका," जणू कालच भेटलो होतो. आठ मिनिटं फोन चालू होता. पहिली काही मिनिटं मला बोलता आलं नाही. त्यानं फोन ठेवला नाही.

मग तोच बोलला. लाखांदूरहून निघताना अतुल गाडी मागत होता, पाच किलोमीटर चालवू दे म्हणाला. पडल्यावर तो रपट्याच्या कठड्याला टेकून बसला होता. रक्त दिसत नव्हतं. मोनूचा हात लोंबत होता, म्हणून अतुल त्यालाच धीर देत होता.

"बाबाले नोको सांगजो म्हने. मी चालवत होतो म्हनून नोको सांगजो, घरात घेनार नाहीत. हासत होता काका. आपन मरून राहिलो असं त्याले वाटतच नव्हतं. मी हो म्हटलं. मंग गाडी येईपर्यंत तो..."

मी विचारलं, तू गावात का आला नाहीस? माझ्या भाषणामुळे?

"नाही जी. तुमी पुन्हा इचारलं असतं. दवाखान्यात एकदा खोटं बोललो. समोर येऊन दुसऱ्यांदा बोलता आलं नसतं. अन् खरं सांगता येत नव्हतं."

पोरानं मरताना बापाला घाबरून एक वचन घेतलं आणि अख्ख्या गावानं ते नऊ वर्षं पाळलं. मी त्या गावाला नीती शिकवत होतो.

१६ फेब्रुवारी

मी मंगलाला म्हटलं, माइकवरून बोललो होतो, माइकवरूनच परत घेईन. सभा बोलावतो. ती म्हणाली, "माइक नोका घेऊ. एवढं एक आयका माहं."

२१ फेब्रुवारी

चार दिवस घरोघरी फिरतो आहे. सकाळी निघतो, ऊन चढलं की परततो. दारात उभा राहतो आणि एकच वाक्य सांगतो: गाडी अतुल चालवत होता, मोनूची काही चूक नव्हती, मी बोललो ते खोटं होतं. पुढे काही जोडत नाही. जोडण्यासारखं पुष्कळ सुचतं.

लोकांचं मला कळत नाही. प्रत्येक घरी सगळं माहीत आहे आणि प्रत्येक घरी तोंडावर नवल आणतात. नत्थूनं कपाळाला हात लावला. सत्यभामाबाई म्हणाली, "बाप्पा, असं होतं का," आणि चहा ठेवायला आत गेली. बाबूलालनं पाना खाली ठेवला, म्हणाला, "मले तं माहीतच नव्हतं जी." मग त्याला हुंदका आला. म्हणाला, "भाऊ, ते टाळी माही होती. तोंडापुढं डास आला होता." खरं असेल, किंवा तेही माझ्यासाठी शोधून काढलं असेल. मी विचारलं नाही.

कापगत्यांचं घर शेवटी ठेवलं होतं. आज गेलो. गोदावरीबाई अंगण सारवत होती. मी वाक्य बोललो. तिनं नवल केलं नाही. एका बाईनं तरी केलं नाही, त्याचं मला बरं वाटलं. शेणाचे हात तसेच ठेवून ती माझ्याकडे पाहत राहिली.

"मोनू रविवारी येऊन राहिला," ती म्हणाली. "पयले माह्या घरी जेवंल. दोन दिवस मी त्याले कोनाले देनार नाही. मंग तुमच्या घरी येईल. तवा तुमी बोलू नोका. त्याले बोलू द्या."

मी हो म्हणालो.

पण एक प्रश्न मी विचारणार आहे, तेवढा तिनं माफ करावा. लाखांदूरपासून त्या रपट्यापर्यंत पाच किलोमीटर आहेत. मोनू मागे बसला होता, त्यानं पाहिलं आहे. म्हैस येईपर्यंत अतुल गाडी चांगली चालवत होता का?

मला वाटतं, चांगली चालवत असेल.